उसनी पायवाट

'हळूहळू मंडळ' नावाच्या त्या मंडळात टोपी घातल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे. नियम प्रणालीताई ढोरे यांचा होता आणि तो डॉक्टरांनाही लागू होता.

मंडळ दर गुरुवारी सकाळी मिरजेतल्या एका जुन्या बॅडमिंटन हॉलात भरायचं. कुणाला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, कुणाच्या डोक्याला अपघातात मार बसलेला. प्रत्येकाच्या डोक्यावर कानापर्यंत येणारी सुती टोपी, तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी, आणि तिच्या अस्तरात केसाहून बारीक तारा विणलेल्या. माणसं जोडीजोडीने समोरासमोर बसून गप्पा मारत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मोठ्यांची भातुकली चालली आहे.

केतकी पाटणकर नवऱ्याची, कौस्तुभची, चाकाची खुर्ची ढकलत पहिल्यांदा आत आली, तेव्हा तिला हेच वाटलं, आणि ती दारातच थबकली.

"या ना भाऊ, काहून अवघडून राहिले?" प्रणालीताई पुढे आल्या. त्या मूळच्या अकोल्याच्या. तिथे त्यांचं मंगल कार्यालय होतं. झटक्यानंतर मुलीकडे मिरजेला आल्या, पण बोली तिकडचीच राहिली. "इथं समदेच अर्धे-अर्धे हायेत. दोघं मिळून एक होते."

कौस्तुभने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तेवढं."

झटक्यानंतर त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी तेवढं, पाय दुखला तरी तेवढं. राज्यभरातले पूल तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं, ज्याच्या अहवालातला स्वल्पविरामही कधी चुकला नाही, तो माणूस दिवसभर हा एक शब्द हातात धरून बसायचा. आपण चुकीचं बोलतो आहोत हे त्याला कळायचं. मग तो डोळे मिटून घ्यायचा.

"हो, तेवढंच," प्रणालीताई म्हणाल्या. "माह्याजवळ तर तेवढंबी नव्हतं. मी नुसती टिकटिक म्हणे. पोरीले टिकटिक, डॉक्टरले टिकटिक, देवापुढं हात जोडून टिकटिक."

कौस्तुभच्या ओठाची चांगली बाजू हलली. कित्येक आठवड्यांत केतकीने ते पाहिलं नव्हतं.

मंडळाच्या डॉक्टर सना मुजावर मेंदूतज्ज्ञ होत्या. टोपीची पद्धत बसवणाऱ्यांपैकी त्या एक. त्यांनी केतकीला बाजूला बसवलं आणि चहा मिळावा म्हणून आधी तिच्याही डोक्यावर एक टोपी चढवली.

"काकू, काका पुलांचे इंजिनिअर, म्हणून त्याच भाषेत सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचा मोठा पूल असतो. काकांचा तो वाहून गेलाय. विचार अलीकडे उभे आहेत, शब्द पलीकडे. दोन्ही शाबूत आहेत, मध्ये रस्ता नाही."

"मग नवा बांधता येत नाही का?"

"तंतू पुन्हा वाढवायचं औषध आहे. तेही सुरू करू. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि कुणाचा पूल उभा राहील, कुणाचा नाही, हे आधी सांगता येत नाही. तोवर वळसा घालायचा. मेंदूत आडवाटा पुष्कळ असतात, पण कोणती कुठे निघते हे मेंदूलाच ठाऊक नसतं. पुष्कळांना आयुष्यभर ती सापडत नाही. प्रणालीताईंना सापडली."

"आणि ती यांना दाखवायची? कशी?"

"बोलताना ताईंच्या मेंदूत ठिणग्या एका ठराविक क्रमाने, ठराविक तालात उडतात. टोपी तो क्रम टिपते आणि त्याच क्षणी काकांच्या टोपीतून त्याच जागांना हलकेच डिवचते. रोज त्याच गवतावरून चाललं की पायवाट पडते ना, तसं. आम्ही त्याला पायवाटच म्हणतो. आणि दाखवणाऱ्याला वाटाड्या."

"मग ते साठवून घरीच का नाही लावत? इतक्या लांब आणायला नको."

"करून पाहिलं. साठवलेल्यावर मेंदू चालतच नाही. समोर माणूस लागतं. तेही असं, जे स्वतः एकदा मुकं झालेलं आहे. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही." डॉक्टर हसल्या. "त्यामुळे चहा करावा लागतो."

पावसाळा संपेपर्यंत कौस्तुभ दर गुरुवारी प्रणालीताईंसमोर बसला. मधल्या दिवशी त्या घरी यायच्या. त्या बोलायच्या, तो ऐकायचा. एकदा त्या त्यांच्या कार्यालयातला किस्सा सांगत होत्या. एक वरात चुकून शेजारच्या हॉलात शिरली आणि जेवून उठेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. "नवरदेवाचा बाप मले म्हणते, बाई, आता आम्ही तिकडं जात नाही."

"काहून?" कौस्तुभने विचारलं.

हॉलातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग कुणीतरी काठी जमिनीवर आपटली, कुणी एका हाताने मांडीवर टाळी वाजवली. केतकी रडत रडत हसायला लागली. 'का'ऐवजी 'काहून', हा ताईंचा शब्द तिच्या नवऱ्याच्या तोंडात कधी आला नव्हता.

त्यानंतर शब्द आले ते रांगेने नव्हे, झुंडीने. दिवाळीपर्यंत कौस्तुभ वाक्यं बोलू लागला आणि संक्रांतीला काठी टेकत स्वतःच्या पायांनी मंडळात आला. फक्त बोलणारा माणूस वेगळा होता.

पूर्वीचा कौस्तुभ जेवण आवडलं तर "ठीक आहे" म्हणायचा आणि फार आवडलं तर काहीच म्हणायचा नाही. आताच्या कौस्तुभने आमटीचा भुरका मारला की, "केतकी, काय झाक झाली आहे गं! तुझा हात धरून नाचावंसं वाटून राहिलं," असं म्हणून तो खरंच हात धरायचा. शेजारच्या भोसल्यांशी गाडी लावण्यावरून त्याचं अनेक वर्षं बोलणं नव्हतं. एका सकाळी तो त्यांच्या फाटकाशी जाऊन म्हणाला, "तुमची गाडी आमच्या दारात लय शोभून दिसते. तिथंच लावत जा." भोसले दोन दिवस बिचकून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेरू पाठवले.

नाशिकहून मुलीचा, सानवीचा फोन आला, तेव्हा त्याने विचारलं, "पोट्टे, जेवली का?"

केतकीने फोन घेतला तर सानवी रडत होती. "आई, बाबांनी मला हे आजवर कधी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "एवढी मोठी झाले मी." मग ती रोज फोन करू लागली.

डॉक्टर सनांना यात नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे यालाही नाव होतं, लकब उतरणं.

"आडवाट नुसती शब्दांपर्यंत नेत नाही, काकू. ज्या गावांवरून जाते त्यांची धूळ अंगावर घेऊन येते. ताईंची वाट मेंदूच्या उजव्या बाजूने गेलीय. तिथे अंगाई असते, लेकराला मारलेली हाक असते, आरती असते. ज्यांना एक शब्द बोलता येत नाही त्यांनाही कधी कधी गाता येतं, ते त्यामुळेच. गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना गुळाचा वास येतो ना, तसं या वाटेने आलेल्या प्रत्येक वाक्याला मायेचा वास लागतो. काकांना कोरडं बोलायचं म्हटलं तरी येणार नाही."

केतकीला हे सगळं आवडत होतं. घरात हसण्याचा आवाज होता. आणि तरी काहीतरी टोचत होतं. शेवटी एका गुरुवारी कपबशा विसळताना तिने ते प्रणालीताईंना सांगितलं.

"परवा तो मला म्हणाला, तू आहेस म्हणून या घराला घर म्हणायचं. मला भरून आलं हो. तासाभराने कुरिअरवाला आला. त्याला म्हणाला, तू आहेस म्हणून या दाराला दार म्हणायचं."

प्रणालीताई इतक्या हसल्या की त्यांना बशी खाली ठेवावी लागली. "बाई, ते वाक्य माह्यंच आहे. मी माह्या मालकाले म्हणायची."

"तेच ना! मग माझ्यावर माया कोण करतंय? तो, की तुम्ही?"

"माया त्याचीच. वाट माही, चालणारा तो."

"नक्की?"

प्रणालीताईंनी हात पुसले. "नक्की मले काय माहीत वं? मी बी त्याच वाटेनं येते. झटक्याच्या आधी मी कशी होती ते माह्या पोरीले इचार. ती म्हणते, आई, तू लय रागीट होतीस, तुझ्यासमोर कुणी ताट वाजवत नसे. मले तर ती बाई आठवतबी नाही." मग त्या पुन्हा हसल्या. "पण पोर म्हणते, आता बरी आहेस."

तंतूंच्या औषधाचं काय झालं, हे उन्हाळ्यात कळलं.

केतकी नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. कौस्तुभ हल्ली तिच्याबरोबर येऊन काठावरच्या बाकावर बसायचा आणि पाण्यात घाबरणाऱ्या प्रत्येक मुलाला ओरडून धीर द्यायचा. त्या दिवशी त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आवाज नाही. मान ताठ झाली, हात थरथरू लागले आणि तो बाकावरून खाली घसरला. आकडी आली होती.

डॉक्टरांनी मेंदूची चित्रं पडद्यावर दाखवली. डाव्या बाजूला, जिथे वर्षभर काळोख होता, तिथे नाजूक पांढरी जाळी उमटली होती.

"काकांचा जुना पूल उभा राहिलाय. बातमी चांगली आहे आणि तीच अडचण आहे. एकच विचार आता दोन्ही रस्त्यांनी निघतो. दोन वाक्यं एकाच वेळी तोंडाशी पोचतात आणि कोंडी होते. अशा आकड्या वाढत जातील. एक रस्ता बंद करावा लागेल, आणि एकदा केला की तो पुन्हा उघडत नाही."

"जुना उघडला तर?"

"झटक्याआधीचे काका. तसेच, तितकेच बोलणारे."

सानवी नाशिकहून आली आणि तिने आईला स्पष्ट सांगितलं, "मला हे बाबा हवेत. मला उशिरा मिळालेत." केतकीने तिची समजूत काढली नाही आणि तिला दुजोराही दिला नाही. ती एकटीच गच्चीवर जाऊन बसली. लोकांना वाटायचं, कौस्तुभ घुमा होता, बिचारीने कसं काढलं असेल. पण तिला त्याचं न बोलणं वाचता यायचं. ते दुसऱ्या कुणालाच यायचं नाही. आताचं बोलणं सगळ्या गावाला कळत होतं.

कायद्याने निर्णय रुग्णाचाच होता. पण कोणत्या रुग्णाचा? उसन्या वाटेवरून हो म्हणणारा माणूस त्या वाटेच्याच बाजूने बोलणार. म्हणून अशा वेळी दोन्ही रस्त्यांवरून विचारायची रीत पडली होती. टोपीने एक रस्ता थोडा वेळ शांत करता येई. चहा निवेल, तेवढाच वेळ. त्याहून जास्त सुरक्षित नव्हतं, आणि पुन्हा करता येत नव्हतं.

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या. "जुन्या रस्त्यावर असताना काका जे बोलतील, ते नंतर त्यांना शब्दांत आठवणार नाही. आणि काही गोष्टी अशा असतात की त्या त्या रस्त्यावरच लागतात. वाट बदलली की ते गावच लागत नाही."

आधी आताच्या कौस्तुभला विचारलं. तो खुर्चीत सैलावून बसला होता. "मले तर इथंच बरं वाटून राहिलं, डॉक्टर. पण त्यालाही विचारा. किती दिवस झाले, बिचारा कोपऱ्यात बसून आहे."

मग डॉक्टरांनी टोपीची कळ फिरवून उसना रस्ता शांत केला.

कौस्तुभचा चेहरा हळूहळू बदलला. गालावरचं हसू उतरलं, पाठ सरळ झाली, दोन्ही हात मांड्यांवर नीट ठेवले गेले. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि ती केतकीवर थांबली.

"टाकीचं झाकण बदललं?" त्याने विचारलं.

"हो."

"कोणतं आणलंस?"

"निळं."

"काळं आणायचं. निळं उन्हाने तडकतं."

केतकीच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, हे डॉक्टरांना कळलं नाही.

त्यांनी निर्णयाबद्दल विचारलं. कौस्तुभने पूर्ण ऐकून घेतलं. "या रस्त्यावरच्या ज्या गोष्टी त्या रस्त्यावर लागत नाहीत, त्यांचं काय होतं?"

"मेंदूत राहतील. तुम्हाला जाणवतीलही, कदाचित. पण सांगता येणार नाहीत."

त्याने मान हलवली. "हा जुना रस्ता बंद करा."

"का?" केतकी म्हणाली. "मला न विचारता?"

"पूल दुरुस्त झाला म्हणून वाहतूक वळवतातच असं नाही. त्याच्यावरून माणसं जातात-येतात. सानवी रोज फोन करते. भोसल्यांचे पेरू आले. माझ्यावरून कोण जायचं? तू एकटी."

"मग मी एकटी मोजायची नाही का?"

"मोजली. तू हसतेस, ते मला आत ऐकू येतं." तो थांबला. वाक्याचा पुढचा भाग पूर्वी तो नेहमी गिळून टाकायचा. या वेळी त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "जरा बाहेर थांबता?"

डॉक्टर बाहेर गेल्या.

"तू पोहून घरी येतेस," कौस्तुभ म्हणाला. तो केतकीकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होता. "व्हरांड्यात केस पुसतेस. पुसताना गुणगुणतेस. तुला माहीत नाही."

"मी? मला कुठे गाता येतं?"

"येत नाही. सूर नसतोच. मी पुस्तक घेऊन तिथे बसायचो, ते त्यासाठी. वाचत नव्हतो."

"इतकी वर्षं? कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू लक्ष देऊन गुणगुणली असतीस. मग ते तसं राहिलं नसतं."

तिने त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, तेवढ्यावर तिला सगळं समजलं.

"असं आणखी आहे?" तिने विचारलं.

"पुष्कळ," तो म्हणाला, आणि दार उघडून डॉक्टर आत आल्या. वेळ संपला होता.

कळ पुन्हा फिरली. कौस्तुभचे खांदे सैलावले आणि चेहऱ्यावर हसू पसरलं. "अवं केतकी, तू रडून राहिली का? त्याने काही वेडंवाकडं म्हटलं का? काय म्हणाला तो?"

"तो हो म्हणाला," केतकीने सांगितलं. "तू राहा म्हणाला."

"बाप्पा! मोठ्या मनाचा निघाला. आणखी काय म्हणाला?"

केतकीने त्याच्याकडे पाहिलं. तेच डोळे, तोच कपाळावरचा व्रण. सांगितलं असतं तर तो आनंदाने वेडा झाला असता. आणि गुरुवारपर्यंत ते सगळ्या मंडळाला, भोसल्यांना आणि कुरिअरवाल्याला कळलं असतं.

"ते आमच्या दोघांतलं आहे," ती म्हणाली.

स्वतःच्या नवऱ्याने सांगितलेलं गुपित ती नवऱ्यापासून लपवत होती. तिला त्याचं हसू आलं आणि लगेच थोडी भीतीही वाटली. कौस्तुभला मात्र मुळीच राग आला नाही. "असू दे, असू दे. नवरा-बायकोत मी कशाला पडू?" असं म्हणत तो काठी घेऊन उठला.

जुना रस्ता पुढच्याच आठवड्यात बंद झाला. आकड्या थांबल्या. मंडळात त्या गुरुवारी प्रणालीताईंनी चहाबरोबर जिलबी ठेवली आणि नव्याने आलेल्या एका तरुण बाईसमोर कौस्तुभला वाटाड्या म्हणून बसवलं. ती बाई फक्त "पिवळं" म्हणत होती. "पिवळं तर लय छान," कौस्तुभ तिला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी तलावावरून आली आणि व्हरांड्यात केस पुसायला उभी राहिली. कौस्तुभ शेजारीच आरामखुर्चीत बसून फोनवर सानवीला त्या बाईची गोष्ट रंगवून सांगत होता. आवाज शेजारच्या घरापर्यंत जात होता. केतकीने टॉवेल डोक्यावर घेतला. आता हे लक्ष देऊनच करावं लागणार होतं, आणि ते तसं राहणार नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी तिने केलं. हलकेच, बेसूर, जसं जमलं तसं.

कौस्तुभ वाक्याच्या मध्येच थांबला.

फोनमधून सानवी विचारत होती, "बाबा? मग पुढे काय झालं?" तो पाठ सरळ करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

केतकीने टॉवेल खाली घेतला. "काय रे? काहून थांबलास?"

"काय माहीत, बाप्पा," तो गोंधळून म्हणाला. "आतून कुणीतरी म्हटल्यासारखं वाटलं, जरा गप बस."

केतकीने टॉवेल पुन्हा डोक्यावर घेतला.